ऐंशीचा आकडा

"बोला, कोनाले काई म्हनाचं?" असं विचारून आमचे अध्यक्ष डोळे मिटून घ्यायचे.

डोळे मिटण्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. ज्याच्याकडे पाहावं तो लाजून गप्प बसतो आणि ज्याच्याकडे पाहिलं नाही तो घरी जाऊन बायकोजवळ कुरकुर करतो, म्हणून कोणाकडेच पाहायचं नाही. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात ताडपत्रीवर पंचवीस-तीस माणसं, खांबाच्या आडोशाला पदर सावरून बसलेल्या आम्ही चार बाया, आणि मधोमध हे, डोळे मिटून. कोणी नुसतं खाकरलं तरी त्या दिशेला मान वळायची. कोणीतरी बोलल्याशिवाय बैठक पुढे सरकत नसे. एकदा बराच वेळ कोणीच बोललं नाही, तेव्हा अध्यक्ष बसल्या जागी घोरायला लागले होते, असं पुंडलिककाका अजूनही सांगतात. पुंडलिककाका म्हणजे त्यांचे धुरेशेजारी. दोघांच्या वावरांमध्ये एकच धुरा, म्हणजे बांध, आणि लहानपणापासूनची मैत्री.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. एखाद्या शाळेत, दूध संस्थेत, नाहीतर घरातच. सुरुवातीला सगळ्यांचं ऐकणारा, आणि मग हळूहळू ऐकू न येणारा. मी पाहिलेला माणूस आमच्या गावच्या बियाणे गटाचा अध्यक्ष होता. गाव रिसोडहून शिरपूरकडे जाताना लागतं, नाव सांगत नाही. त्यांचंही नाव सांगत नाही. मी त्या गावची सून. आमच्याकडे सासऱ्याच्या वयाच्या माणसाला सुना मामाजी म्हणतात, तसं मीही म्हणायची. ते मला सूनबाई म्हणायचे, आणि रागावले की मॅडम.

गटाचं काम समजायला सोपं होतं. सोयाबीनचं बी फार नाजूक. पोतं उंचावरून आपटलं, मळणीच्या यंत्राचा वेग जरा वाढला, दाण्यात ओल राहिली, की वरून टपोरा दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. बाजारातल्या पिशव्या दोन वर्षं दगा देऊन गेल्या, तेव्हा मामाजींनी गावातल्या तीस घरांना एकत्र केलं. आपलं बियाणं आपणच राखायचं, तपासायचं आणि आपणच वाटायचं. तपासायची रीत म्हणजे गोणी लावणे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, वरचेवर पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर ते बियाणं, खाली आले तर ते तेलाच्या घाण्याचं.

मामाजींनी नियम केला होता की गोणी चारचौघांत उघडायची. देवळात, सगळ्यांसमोर. बाया मोठ्यानं मोजायच्या आणि पुरुष नुसते पाहायचे. हा नियमही त्यांचाच, का, तर म्हणे बाप्ये मोजताना नातं पाहतात.

पहिल्याच वर्षी सर्वांत आधी त्यांच्याच घरच्या बियाण्याची गोणी उघडली आणि एकसष्ट निघाले. मंडपात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी म्हणालं, राहू द्या, तुम्ही एवढी धावपळ केली, नऊ-दहाचा काय फरक. मामाजींनी काही भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोती ट्रॅक्टरवर टाकून रिसोडच्या मार्केटला विकून आले आणि स्वतःच्या वावरासाठी पुंडलिककाकांकडून बी मागून घेतलं. त्या दिवसापासून गावानं त्यांना अध्यक्ष मानलं. निवडणूक वगैरे नंतर झाली.

मला कामावर त्यांनीच घेतलं. बारावी सायन्स झालेली सून नुसती भाकरी थापते, हे त्यांना सहन होत नव्हतं. माझ्या सासूबाईंना मात्र ते छान सहन होत होतं. मामाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले, एक चहा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. सासूबाई नाही म्हणत होत्या आणि हे उठत नव्हते. शेवटी म्हणाले, "तुमच्या सुनेले शंभरापर्यंत मोजता येते का नाई, एवढंच पाहाचं हाय." सासूबाई वैतागून हो म्हणाल्या. मी आज जे काही आहे ते त्या तिसऱ्या चहामुळे आहे, आणि हे मी पुढचं सांगण्याआधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझी जीभ अडखळेल.

त्यांना दाणा चावायची सवय होती. आपल्याकडे सगळेच शेतकरी दाणा चावून ओल पाहतात, त्यात नवल नाही. हे मात्र पुढच्या दातांत दाणा धरून सावकाश दाबायचे, टक् असा आवाज झाला की जरा थांबायचे आणि उगवण किती येईल ते सांगायचे. सुरुवातीला ही गंमत होती. ते म्हणायचे अठ्ठ्याहत्तर, गोणीत निघायचे ऐंशी किंवा शहात्तर, आणि सगळे हसायचे. एका वर्षी ते म्हणाले सत्याहत्तर आणि बरोबर सत्याहत्तर निघाले. मंडपात टाळ्या पडल्या. त्या आठवड्यात रिसोडच्या कृषी केंद्रांत हीच चर्चा होती.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा सत्याहत्तर सांगितलं आणि मी मोजले तेव्हा चौऱ्याहत्तर भरले. उरलेल्यांत तीन दाणे असे होते की कोंब फुटला होता पण टोक काळं पडलेलं. असा कोंब जमिनीबाहेर येत नाही, तो मोजायचा नसतो. मामाजी माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांत नुसतं कुतूहल, लहान मुलासारखं. मी ते तीन मोजले. मोठ्यानं म्हटलं, सत्याहत्तर. पुन्हा टाळ्या.

कोणाचं काही बिघडलं नाही. सत्तरच्या वर होतंच की. पण त्यानंतर दरवर्षी मी कुठे दोन वाढवले, कुठे एक सोडला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. मला त्यांचा तो आनंदी चेहरा पाहायला आवडायचं, एवढंच. दात कधी चुकत नाही, असं गाव म्हणू लागलं. मग आसपासची गावं म्हणू लागली. आणि एक दिवस ते स्वतः म्हणू लागले.

गट मोठा झाला. किन्हीराजाच्या बाजूची दोन गावं धरून एकूण सात गावं जोडली गेली. शेड बांधलं, ऑफिस झालं. वाशिमला सत्कार झाला, त्यात शाल आणि नारळ मिळाला. मग सत्कारच सत्कार. शाली इतक्या जमल्या की त्यांच्या बायकोनं, म्हणजे आम्ही ज्यांना आत्याबाई म्हणतो त्यांनी, एक शाल पापडाच्या डब्याला गुंडाळली आणि एक शिलाई मशीनवर टाकली. मामाजींना ते आवडलं नाही. शर्टाच्या खिशाला तीन पेनं आली. त्यांतलं एकही चालत नसे, सहीच्या वेळी माझंच पेन मागत. ताडपत्रीच्या जागी प्लास्टिकची खुर्ची आली, मग तिच्यावर टॉवेल आला, मग फिरणारी खुर्ची आली. खुर्ची फिरताना कुरकुरायची आणि त्या आवाजावरून बाहेरच्यांना कळायचं की साहेब कोणाकडे वळले. हो, साहेब. आधी सगळे भाऊ म्हणायचे, मग अध्यक्ष, आणि मग कधी साहेब झाले ते कोणालाच सांगता येणार नाही. पहिल्यांदा कोण म्हणालं असेल, तर बहुतेक आपल्यातलंच कोणीतरी, काही काम करून घ्यायला आलेलं.

"बोला, कोनाले काई म्हनाचं?" हे ते अजूनही विचारत. पण आता ते उठता उठता विचारत, एक हात खुर्चीवर आणि दुसऱ्या हातात मोबाईल. डोळे उघडे असत आणि ते आमच्यावर नसत. गोणी देवळात उघडणंही बंद झालं, कारण सात गावांच्या गोण्या देवळात कशा मावणार. त्या शेडमध्ये उघडू लागल्या, मग नुसत्या माझ्या टेबलावर. हे चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट काम लवकर आटपतं म्हणून बरंच वाटलं.

पुंडलिककाकांना मात्र वाटलं. शेडमध्ये पोत्यांची थप्पी पाचावरून नवावर गेली, तेव्हा ते बैठकीत म्हणाले की खालचं बी दबून मरेल, थप्पी कमी करा. मामाजी हसले. म्हणाले, "पुंडलिका, तू आपला धुरा पाह्य. सात गावाचं मले पाहू दे." सगळे हसले. मीही हसले, कारण हसणाऱ्यांत असलेलं बरं असतं. पुंडलिककाका त्यानंतर बैठकीला येईनासे झाले, आणि त्यांना कोणी बोलवायलाही गेलं नाही.

आता त्या वर्षाचं सांगते.

काढणीच्या ऐन वेळी पाऊस लागून बसला. शेंगा झाडावरच भिजल्या. ऊन पडलं तसं सगळ्यांनी घाई केली, कारण मामाजींनी एका व्यासपीठावरून शब्द दिला होता की सातही गावांत एकही घर आमच्या बियाण्याशिवाय राहणार नाही. दिलेला शब्द पुरा करायला माल कमी पडत होता. ओल असलेलं सोयाबीन यंत्रात गेलं, तेही वेग वाढवून. मी शेडमध्ये दाणे हातात घेतले तेव्हा सालीवर बारीक चिरा दिसत होत्या. मी ते बोलून दाखवलं. हिवाळ्यात बसतील, असं उत्तर मिळालं.

मे महिन्यात मी गोणी लावली. सहाव्या दिवशी चौपन्न.

मी दुसऱ्या थप्पीतले दाणे घेऊन पुन्हा लावली. एक्कावन्न.

ते गोणपाट तसंच उचलून मी त्यांच्या टेबलावर नेऊन पसरलं. त्यांनी कोंबांकडे पाहिलंच नाही. जवळच्या पोत्यातला एक दाणा काढला, दातांत धरला, टक् झालं, आणि म्हणाले, ऐंशी. मी म्हटलं, मामाजी, दोनदा लावली. ते म्हणाले, पाणी जास्त झालं असेल, उन्हाचा कडाका आहे, गोणपाट जुनं आहे. मी गोणपाट त्यांच्यापुढे आणखी सरकवलं, तेव्हा खुर्ची कुरकुरली आणि ते माझ्याकडे पूर्ण वळले.

"मॅडम, आतापर्यंत म्या सांगतलेला आकडा कधी चुकला काय?"

तो कधी चुकला नव्हता याचं कारण माझ्या बोटांत होतं. एवढ्या वर्षांचे ते दोन-तीन, दोन-तीन दाणे. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. बाहेर ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं दारातून डोकावत होती. काय झालं असतं? त्यांनी मला कामावरून काढलं असतं, किंवा नसतंही काढलं. मला त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की हा माणूस आता माझ्यावर ओरडेल आणि ते मला सोसणार नाही. त्यांनी माझ्यापुढे उगवणीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरकवला. मी ऐंशी लिहिलं. खाली सही केली. प्रत्येक पोत्यासोबत ती चिठ्ठी गेली.

आणि घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, यंदा माझ्या भावाचं बी आणू, किन्हीराजाहून, त्याचं गाव गटात नाही, त्याच्याकडे वेगळं वाण आहे. भावाच्या बियाण्याची गोणी मी स्वतः लावून पाहिली होती, ती चांगली भरली होती. नवऱ्यानं फार विचारलं नाही. गटाकडून आमच्या वाट्याला आलेली पोती गोठ्यात ताडपत्रीखाली पडून राहिली. शेजारच्या घरी तीच पोती वाजतगाजत उतरली, वहिनींनी त्यांना हळदकुंकू लावलं, आणि मी अंगणातून पाहत होते.

पेरणी झाली. सातव्या-आठव्या दिवशी वावरं हिरवी दिसायला हवी होती. पेरणीच्या तासांत, म्हणजे ओळींत, कुठे चार रोपं, मग हातभर काळी जमीन, मग दोन रोपं. सातही गावांत तेच. लोक शेडवर आले. मामाजी म्हणाले, खोल पेरलं तुम्ही. काहींना म्हणाले, वाफसा नसताना घाई केली. ट्रॅक्टरवाल्यांना दोष दिला, पाखरांना दिला. खतासोबत बी मिसळल्याची शंका काढली. त्यांची स्वतःची सगळी जमीन त्याच बियाण्यानं पेरली होती आणि तिथे तर सर्वांत कमी उगवलं होतं. तरी ते मानायला तयार नव्हते. म्हणाले, आठ दिवसांनी बैठक घेऊ, तोवर मी प्रत्येकाच्या वावरात जाऊन पाहतो, मग कोणी काय चुका केल्या ते सगळ्यांसमोर सांगतो.

आणि खरंच निघाले. पायी, हातात काठी, उन्हातान्हात. कोणाच्या वावरात मातीत बोट घालून खोली पाहत, कोणाला सुनावत.

चौथ्या दिवशी ते आमच्या धुऱ्यावर आले. मी पाखरं राखायला गेले होते. आमच्या वावरात तासं कशी भरून आलेली. सबंध शिवारात तेवढाच तुकडा हिरवा. ते धुऱ्यावर उभे राहिले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग खाली उतरले, एक रोप उपटलं. गटाच्या वाणाच्या रोपाचा देठ जांभळट असतो. याचा स्वच्छ हिरवा होता. त्यांना ते सांगायला माझी गरज नव्हती.

"कुटलं बी हाय?"

"किन्हीराजाचं. भावाकडचं."

"पेरणीच्या आधीच आनलं होतं?"

मी मान डोलावली. पायाखालची माती तापलेली होती, मी तशीच उभी. ते आता काय म्हणतील याची मी वाट पाहत होते. ते रोप तळहातावर ठेवून त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि आले तसे धुऱ्यानं परत गेले. पुढच्या वावरात गेलेच नाहीत, सरळ घराची वाट धरली.

बैठकीला चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी काय खाल्लं मला आठवत नाही. चिठ्ठ्यांवर माझी सही. त्यांना फक्त उभं राहून सांगायचं होतं की तपासणी हिनं केली, आकडा हिनं लिहिला, आणि हिच्या स्वतःच्या वावरात पाहा काय पेरलंय. एवढ्यानं ते सुटले असते आणि माझ्या घरावर सात गावांनी दगड मारले असते. सासूबाई, नवरा, कोणाला मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे जाऊन पाय धरावेत असं दहा वेळा मनात आलं. त्यांच्या दारापर्यंत एकदा गेलेसुद्धा, आणि आतून खोकल्याचा आवाज आला तशी परत फिरले.

बैठक देवळात झाली, कारण शेडमध्ये माणसं मावेनात. पुंडलिककाकाही आले होते. लोक आधी एकेक बोलले, मग सगळेच बोलायला लागले. कोणीतरी रिकामं पोतं मामाजींच्या पायाशी टाकलं. शेवटी पुंडलिककाका उठले आणि म्हणाले, भांडण नंतर करा, आधी चिठ्ठी काढा. एकानं खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली आणि वाचली. ऐंशी. खाली सही कोणाची? त्यानं माझं नाव वाचलं. सगळा मंडप खांबाच्या आडोशाकडे वळला.

माझ्या शेजारच्या बाया नकळत जराशा सरकल्या. मामाजी उठून उभे राहिले. त्या दिवशी खिशाला पेनं नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, झालं.

"सही तिची हाय," ते म्हणाले. "आकडा माहा हाय. तिनं चौपन्न सांगतले होते, दुसऱ्यांदा एक्कावन्न. म्या आयकलं नाई. म्या म्हटलं म्हनून तिनं ऐंशी लिवले."

ते पुढे म्हणाले की कोणीही खोल पेरलं नव्हतं, कोणाचीही चूक नव्हती, मी चार वावरांतच पाहून समजलो होतो पण तोंडातून निघत नव्हतं. दुबार पेरणीसाठी जिथे मिळेल तिथून बी आणायला पुंडलिक पुढे होईल, त्याचं ऐका. आणि ऑफिसची किल्ली पुंडलिककाकांच्या पुढ्यात ठेवून ते पायऱ्या उतरून गेले. माझ्या वावराबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी तेव्हा उठायला हवं होतं. मी उठले नाही. बाया पुन्हा माझ्याजवळ सरकल्या, एकीनं पाठीवर हात ठेवला, बिचारी म्हणाली मला, आणि मी ते ऐकून घेतलं.

त्या वर्षी दुबार पेरणी झाली. कोणाचं साधलं, कोणाचं नाही. गट मोडला नाही. पुंडलिककाकांनी सांभाळला, आणि गोणी परत देवळात उघडायला लागली. मी अजूनही मोजते. काळं टोक असलेला कोंब वेगळा काढून सगळ्यांना दाखवते, आणि मग लोक म्हणतात, मॅडम फार कडक आहेत.

मामाजी गटाकडे पुन्हा फिरकले नाहीत. सकाळी वावरात जायचे, उन्हं उतरली की यायचे. रस्त्यात दिसले की बरं हाय ना, एवढंच विचारायचे आणि थांबायचे नाहीत. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. ते वाटणं मला सोयीचंही होतं, कारण रागावलेल्या माणसाशी बोलायला जावं लागत नाही. दोन हिवाळे असेच गेले. तिसऱ्या हिवाळ्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मयतीला सातही गावांतली माणसं होती. काही जण परतताना म्हणत होते, माणूस मोठा होता पण गर्व नडला. मी त्यांच्या मागूनच चालत होते.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंकडे गेले. त्या ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. वाढवलेले दाणे, चौपन्न, ऐंशी, किन्हीराजाचं बी, धुऱ्यावरचं ते रोप. गावाला अजून सांगितलेलं नाही हेही सांगितलं. आता हे लिहिते आहे म्हणजे गावालाही कळेल. त्या ऐकत होत्या पण हात थांबले नाहीत. माझं बोलणं संपलं तेव्हा म्हणाल्या, "वावराचं मले ठाव हाय. त्याच दिवशी थे घरी येऊन बोलले होते."

मी विचारलं, काय बोलले.

"लय वेळ ओट्यावर बसले. म्या इचारलं, कोनी काई बोललं काय. तं म्हने, नाई, आता मले कोनीच काई बोलत नाई. मंग सूनबाईच्या वावराचं सांगतलं. म्या म्हटलं, मंग गावाले सांगा ना, सही तं तिचीच हाय. तं म्हने, काय सांगू? थे पोरगी मले भेली. मले. असं दोन-तीनदा म्हटलं आन तसेच बसून राह्यले. जेवले बी नाई त्या दिवशी."

शेंगांची टरफलं त्यांनी बाजूला सारली. मग पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खरंच भेत होती काय व तू त्याइले?"

"हाव, आत्याबाई. सगळेच भेत होते."

त्यांना ते पटेना.

"घरात पाल निघाली तं खाटेवर चढून मले हाका मारत थे," त्या म्हणाल्या.